पकडलेला चोर नव्हताच: प्रिंटके आणि अडकणारा सीपीयू

लिनक्स कर्नलचं मॉड्यूल लोड होतंय, डीमेसेजमध्ये म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये प्रिंटकेने छापलेली तुमची ओळ दिसतेय, इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक दिली की चालणारा कोड) लिहिता येतोय, इथवर तुम्ही आला असाल तर पुढचं वाचा. याच टप्प्यावर माझे तीन आठवडे गेले. त्यातल्या एका रात्री तर मी घरी सांगितलं होतं की हे आपल्याच्यानं होत नाही, मी शेतीच पाहतो.

दारव्ह्याकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाची ओल मोजणारा सेन्सर चार कोअरच्या बोर्डाला जोडायचा होता. बोर्डासोबत आलेला कर्नल ४.९, जुना. घरी टेबलावर सगळं नीट चाले. जिनिंगची मोठी मोटर सुरू झाली की बोर्ड थिजे. एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) अडके, रीडिंग थांबे, सिरीयल केबलवर ओळी मात्र धो धो येत. त्यातच एक ओळ यायची: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू क्रमांक दोन, २२ सेकंद अडकला. खालच्या स्टॅकमध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शन्सच्या यादीत, यूएसबी ड्रायव्हर.

मी आठवडाभर यूएसबी ड्रायव्हर वाचला. त्याचा काही दोष नव्हता.

इथे नीट थांबा, कारण मी इथेच फसलो. कापूस खरेदी केंद्रावरचा काटा आठवा. समजा नियम असा आहे की जो काट्यावर बसेल त्याने स्वतःची गाडी मोजून उठायचं नाही, मागे लागलेली शेवटची गाडी मोजून होईपर्यंत तिथेच बसायचं. कन्सोल म्हणजे लॉगच्या ओळी जिथे छापल्या जातात ती जागा, इथे सिरीयल केबल. जुन्या कर्नलमध्ये कन्सोल लॉकचं हेच आहे. ज्याला लॉक मिळालं, तो स्वतःची एक ओळ छापून सुटत नाही. इतर सीपीयूंनी बफरमध्ये टाकलेल्या ओळीही त्यानेच छापायच्या. यूएसबी ड्रायव्हरने स्पिनलॉक (हातात असताना झोपता येत नाही असं कुलूप) धरून एक साधी ओळ लिहिली आणि तो काट्यावर अडकला. गाड्या पाठवत होता माझा सेन्सर ड्रायव्हर, दुसऱ्या सीपीयूवरून. मोटरमुळे तारेवर गोंगाट यायचा आणि प्रत्येक चुकीच्या इंटरप्टला मी एक एरर छापत होतो.

हिशेब करा. १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांच्या ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १४४ ओळी. माझ्या येत होत्या तीनशेच्या वर. रांग संपणारच नव्हती. आणि स्पिनलॉक हातात असताना शेड्युलरला मध्ये येऊ देता येत नाही, म्हणून त्या सीपीयूवरची बाकी सगळी कामं ताटकळतात. त्यात मी काय केलं, तर शोध लागावा म्हणून आणखी तीन प्रिंटके टाकले. दिवसातून एकदा अडकणारा बोर्ड दर दहा मिनिटांनी अडकायला लागला.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका सीनियरला फोन केला. लॉग न पाहताच ते म्हणाले, "अरे भाऊ, वॉचडॉगची मर्यादा वाढवून दे." वॉचडॉग म्हणजे अडकलेला सीपीयू हेरणारा कर्नलचा पहारेकरी. त्याची मर्यादा मुळात १० सेकंदांची असते, तिच्या दुपटीला लॉकअपची ओळ येते. ती वाढवली की ओळ गेली, अडकणं तसंच. जो आधी लॉग मागत नाही त्याचा सल्ला घेऊ नका, पद कितीही मोठं असो. दुसरा शॉर्टकट म्हणजे दिसेल तिथे कॉन्ड-रीशेड घालणं, म्हणजे शेड्युलरला मध्ये यायची संधी देणं. स्पिनलॉकच्या आत ते घातलंत तर नवीन बग तयार केलात, एवढंच. उलटंही लक्षात ठेवा: ८२५० या सिरीयल चिपचा ड्रायव्हर छापताना वॉचडॉगला स्वतःच थोपटून गप्प ठेवतो, त्यामुळे लॉकअपची ओळ आली नाही म्हणजे सीपीयू अडकला नाही असं नाही.

माझा उपाय छोटा निघाला. हँडलरमधली एरर काढली, तिथे फक्त मोजणी ठेवली आणि दर काही सेकंदांनी वर्कक्यूमधून (हँडलरबाहेर सावकाश करायच्या कामांच्या रांगेतून) एकच ओळ छापली. तेवढंही जमत नसेल तर प्रिंटकेचा रेटलिमिटेड प्रकार वापरा, तो मुळात ५ सेकंदांत १० ओळी सोडतो. तपासणीसाठी ट्रेस-प्रिंटके घ्या, ते कन्सोलकडे जातच नाही. कन्सोलची लॉगलेव्हल (तिच्याहून कमी आकड्याच्या पातळीच्या ओळीच छापल्या जातात) मी आधी ४ केली होती, तरी फरक पडला नव्हता. का, तर एररची पातळी ३, ती ४ मधून सुटतेच. साध्या गोष्टीला एरर म्हणायची सवय आजच सोडा.

नव्या कर्नलवर असाल तर त्रास कमी आहे. २०१८ मध्ये लॉक धरणाऱ्याने वाट पाहणाऱ्या सीपीयूला काम सोपवायची सोय आली, तरी शेवटी कुणीतरी छापतोच. ६.१२ पासून छापायला वेगळा कर्नल थ्रेड मिळू शकतो, पण तुमच्या सिरीयल ड्रायव्हरने ते स्वीकारलेलं असेल तरच.

घाबरू नका. मी मराठी शाळेत शिकलेलो, इंग्रजी डॉक्युमेंटेशन एकेक परिच्छेद करून वाचलं, तरी हे समजलं. पुढच्या वेळी बोर्ड थिजला तर स्टॅक वाचायच्या आधी बूट ओळीतून (बोर्ड सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांतून) सिरीयल कन्सोल काढा आणि तसाच चालवून पाहा. अडकणं थांबलं, तर स्टॅकमधलं नाव सोडून द्या आणि सगळ्यात जास्त ओळी कोण लिहितोय ते डीमेसेजमध्ये मोजा.