उपवास करूनही वजन उतरत नाही? या चुका टाळा

गेल्या वर्षी आषाढी एकादशीला खिचडी परतायला घेण्याआधी मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला. एका माणसाच्या खिचडीत नेमकं काय जातं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. कोरडा साबुदाणा 75 ग्रॅम, दाण्याचं कूट 30 ग्रॅम, एक मध्यम उकडलेला बटाटा आणि साजूक तूप दोन चमचे. हिशेब मांडला तर बशीभर खिचडीचे 590 कॅलरीच्या आसपास झाले. रोजचं दुपारचं जेवण, म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर आमटी आणि एक भाजी, साडेचारशेच्या आत-बाहेर भरतं. म्हणजे उपवासाच्या दिवशी मी रोजच्यापेक्षा जास्त खात होते. त्यावर चार वाजता बटाट्याचा चिवडा आणि रात्री वरीचा भात, दाण्याची आमटी.

लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि श्रावणातले सोमवार मी धरत आलेय. या बावीस वर्षांत वजन 56 वरून 74 किलोवर गेलं. ‘एवढे उपवास करते तरी सुटतच चाललेय’ असं मी कितीतरी जणींना सांगितलं असेल.

नंतरच्या वर्ष-सव्वा वर्षात मी 63 वर आले, तेही उपवास न सोडता. श्रद्धेने केलेल्या उपवासाला वजनाचं माप लावू नये असंच माझं मत आहे. पण त्याच उपवासाकडून वजन उतरण्याचीही अपेक्षा असेल, तर पुढच्या गोष्टी बघाव्याच लागतात.

फराळालाच उपवास समजणं

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च. 100 ग्रॅम साबुदाण्यात 350 कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नसतात. त्यामुळे तो खाल्ल्यावर रक्तातली साखर झपकन चढते आणि दोन-अडीच तासांत पुन्हा पोटात कावळे ओरडायला लागतात. मग वेफर्स, मग राजगिऱ्याचा लाडू, मग खजूर. पुडीवर ‘उपवासाला चालेल’ असं छापलेलं असलं की आपण मोकळ्या मनाने खातो, पण त्यातलं तेल काही उपवासाला हलकं होत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांनी बघूनच म्हटलंय.

फराळ करायचाच असेल तर राजगिरा आणा. त्याच्या पिठात 100 ग्रॅमला 13 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. राजगिऱ्याची एक भाकरी, लाल भोपळ्याची जिरं-मिरची घातलेली भाजी आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर एवढ्यावर मला दुपारचा एक ते रात्रीचे आठ सहज जातात. भगर करायची तर कोरडी मोजून घ्यावी, एका माणसाला अर्ध्या वाटीहून कमी. ती इतकी फुगते की पातेल्याकडे बघून अंदाज चुकतोच. शेंगदाणे तळण्यापेक्षा उकडून, आणि तेही मूठभरच. 30 ग्रॅम दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण कॅलरी 170 असतात.

आणि चहा. उपवासाला पोटात काही नाही म्हणून आपण चार-पाच वेळा चहा टाकतो. अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर घातलेला एक कप 80-90 कॅलरीचा होतो. चार कप म्हणजे तीन पोळ्या झाल्या, आणि ‘मी सकाळपासून काही खाल्लं नाही’ हे वाक्यही तोंडात तसंच राहतं.

रात्री उशिराचं पारणं

संकष्टीला चंद्रोदय बहुतेक वेळा साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो. दिवसभर रिकामं पोट, मग आरती, नैवेद्य आणि दहाला पान मांडलं जातं. वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी आणि मोदक. भुकेल्या पोटी माणूस भराभर जेवतो, पोट भरल्याचं कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तोवर तिसरा मोदक पोटात गेलेला असतो. अकराला आडवं व्हायचं, सकाळी आंबट ढेकर.

याला मला सापडलेला मार्ग साधा आहे. पाच-साडेपाचला वाटीभर दही किंवा एखादं फळ खायचं, म्हणजे रात्री पानावर बसताना जीव कासावीस नसतो. जेवण आधी कोशिंबिरीने सुरू करायचं, मग वरण, आणि भात शेवटी. मोदक एकच, पण वर तूप घालून, सावकाश खायचा. बाकीचे सकाळी डब्यात देते.

सोळा तासांना जादूचा आकडा मानणं

हल्ली ऑटोफॅगी हा शब्द घराघरांत पोचला आहे. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं ते पेशी आपल्याच निकामी भागांची विल्हेवाट कशी लावतात यावरच्या, म्हणजेच ऑटोफॅगीवरच्या कामासाठी, आणि ते काम प्रामुख्याने यीस्टवर झालेलं आहे. माणसाने सोळा तास उपाशी राहावं असं त्यातून निघत नाही. तरी फोनवर ‘सोळा तास उपाशी राहा, सगळे आजार पळतील’ असे निरोप फिरतात आणि लोक औषधं बंद करतात. ते बघून मला खरोखर काळजी वाटते.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या. निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. पहिल्या गटाचं वजन सरासरी 8 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6.3. शास्त्रीय कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही. यावरून मी एवढंच घेतलं की वेळ बांधून घेतल्याने चरणं थांबतं आणि म्हणून कमी खाल्लं जातं. ज्याला आठ तासांत मनसोक्त भजी खायची आहेत त्याला घड्याळ वाचवू शकत नाही.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीचंही आपल्याकडे असंच अर्धवट झालं आहे. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेल्या त्या पद्धतीत दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचं, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं असतं. लोकांनी पहिला भाग उचलला आणि चालणं सोडून दिलं. काहीजण तर 55 मिनिटं पुरेपूर वसूल करतात, जेवण झालं तरी घड्याळात वेळ उरलाय म्हणून श्रीखंडाची वाटी पुन्हा भरतात.

प्रथिनं विसरणं, आणि नुसतंच चालत राहणं

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर घटलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा स्नायूंसारख्या कामाच्या ऐवजाचा असतो. पहिल्या खेपेला माझं तेच झालं. चार महिन्यांत सहा किलो उतरले, पण गाल बसले, केस गळायला लागले, आणि गव्हाचा दहा किलोचा डबा मला फळीवर चढवता येईना. पोटाचा घेर मात्र फारसा हलला नव्हता. पुढच्या पाच महिन्यांत त्यातले पाच किलो परत आले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार निरोगी माणसाला रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 68 किलोच्या बाईला 56 ग्रॅम. आपल्या शाकाहारी ताटात तेवढी आपोआप येत नाहीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, मटकीच्या उसळीत आठच्या आसपास, वाटीभर दह्यात चार-पाच, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठरा, एका अंड्यात सहा. दोन पोळ्यांत मिळून सहा-सात. आता तुमच्या कालच्या दिवसाचा हिशेब करून बघा. आमची आमटी इतकी पातळ असायची की वाटीचा तळ दिसे, तिथूनच मी सुरुवात केली. डाळ दुप्पट घातली आणि भात निम्मा केला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चालणं उत्तमच. पण पाऊण तास बऱ्यापैकी झपाट्याने चालून 70 किलोच्या माणसाच्या 180-200 कॅलरी खर्च होतात, आणि परतताना कोपऱ्यावर खाल्लेला एक वडापाव 300 च्या घरातला असतो. शिवाय चालण्याने दंड, खांदे, पाठ यांना काम मिळत नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरा भाग आपण, विशेषतः बायका, वाचतच नाही.

जिम लागत नाही. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीपासून सुरुवात केली. हात छातीशी बांधून उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी सात वेळा झालं आणि मांड्या थरथरायला लागल्या. ओट्याला हात टेकून तिरके दंड, पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या खांद्यावरून वर उचलणं, पायऱ्या चढणं. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. दोन महिन्यांनी गव्हाचा डबा वर गेला.

उपवासाच्या दिवशी व्यायाम बंद करायची गरज नाही, फक्त जड काही करू नका. निर्जळी असेल तर त्या दिवशी विश्रांतीच बरी.

रोज सकाळी काट्यावर उभं राहणं

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले की पेढे वाटू नयेत. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केल्यावर आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोज 500 कमी पडल्या तरी आठवड्याला अर्धा किलोच्या आतच. पाणी परत आलं की काटा पुन्हा वर जातो आणि माणूस नाउमेद होऊन सगळंच सोडतो.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. आणि महिन्यातून एकदा टेपने पोटाचा घेर. आपल्या लोकांत पुरुषांचा 90 आणि बायकांचा 80 सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह, हृदयविकाराचा धोका वाढतो. मध्ये दोन महिने माझं वजन 66 वर अडून बसलं होतं. त्याच दोन महिन्यांत शिंपीणताईंनी ब्लाऊजच्या दोन्ही बाजूंना बोटभर टाचून दिलं. टेप लावला तेव्हा घेर 91 वरून 87 झाला होता. काट्यावर विसंबले असते तर मी तेव्हाच सोडून दिलं असतं.

खरंच दोन-तीन महिने वजनही हलत नसेल आणि घेरही, तर बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. आधी तेल. महिन्याला माणशी अर्धा लिटरच्या आत येतंय का ते बाटलीवर तारीख लिहून मोजा. मग झोप. मग थायरॉइडची तपासणी. आणि वजन कमी झाल्यावर शरीराला लागणारं इंधनही कमी होतं, त्यामुळे 74 किलोला जे ताट बरोबर होतं ते 66 किलोला जास्तच होतं.

गोळ्या तशाच घेऊन उपाशी राहणं

माझे सासरे, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बहात्तर वर्षांचे. मधुमेहासाठी सकाळी ग्लिमेपिराइड घेतात. माझं वजन उतरलेलं बघून त्यांनीही संकष्टी कडक धरली. सकाळी गोळी घेतली आणि फक्त कोरा चहा. साडेचारला मी त्यांच्या खोलीत गेले तर बनियन घामाने चिंब, हात थरथरतोय, आणि ते मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते. ग्लुकोमीटरवर 52. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी 78 आलं, मग दही-भगर दिली. ती पंधरा मिनिटं मी विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “काकू, उपवासाला माझी हरकत नाही. फक्त आदल्या दिवशी मला फोन करा, गोळीचं काय करायचं ते मी सांगतो.”

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना जेवण चुकवलं की साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळाच धोका असतो. लांब उपवासात त्यांच्या रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं, आणि साखर फार वाढलेली नसल्याने ते पटकन लक्षात येत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर नवरात्रात, ऑक्टोबरच्या उन्हात पाणी न पिता राहणं नकोच. गोळी आपल्या मनाने बंद करणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक आहे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, 18 वर्षांखालची मुलं-मुली, टाइप 1 मधुमेह असलेले, आधीच वजन कमी असलेले आणि खाण्याच्या बाबतीत मनाचा आजार झालेले, यांनी वजनासाठी उपवास करू नये.

उपवासात घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर लगेच साखर तपासा. 70 च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर चंद्रोदयाची वाट न बघता साखरपाणी घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. सतत उलट्या, पोटात कळा किंवा धाप लागत असेल तर साखर ठीक दिसली तरी थेट दवाखाना गाठा, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची चिठ्ठी बरोबर न्या.