विमानाच्या टाकीतून काढलेलं इंधन परत वापरायचंय? मग ही बाटली आधी नीट बघा

सेस्ना 152 या दोन आसनी छोट्या विमानाच्या दोन्ही टाक्या काठोकाठ असतील तर सुमारे 98 लिटर अ‍ॅव्हगॅस, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानाचं पेट्रोल, निघतं. टाकीचा सेंडर (इंधन किती आहे ते काट्याला कळवणारा भाग) बदलायचा, सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी तोटी) खोलायचा किंवा गळती शोधायची, की ते काढणं आलंच. आपल्याकडे हे इंधन 2022 मध्ये बडोद्याच्या रिफायनरीत बनायला लागलं. त्याआधी सगळं परदेशातून यायचं. त्यामुळे ते फेकून द्यायला कुणाचा हात धजत नाही, आणि फेकूही नये. पण ‘फडक्यातून गाळा आणि ओता’ असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

विमानाचं मॅन्युअल आणि सही करणारा इंजिनिअर यांच्यापुढे माझ्या लेखाला किंमत नाही, हे धरून पुढे वाचा.

काम हँगरच्या बाहेर, मोकळ्या हवेत करायचं. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवायचं, मोबाइल लांब. अ‍ॅव्हगॅसची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत खड्ड्यात जाऊन बसते. विमानाला अर्थिंग द्या, मग विमान आणि कॅन बाँडिंगच्या तारेने जोडा, मगच झाकण उघडा. काम संपल्यावर तार सगळ्यात शेवटी काढा. प्लास्टिकची बादली आणि प्लास्टिकचं नरसाळं नकोच. प्लास्टिकमधून साठलेला विजेचा भार तारेत उतरत नाही, आणि नाशिकची फेब्रुवारी-मार्चमधली कोरडी हवा त्या ठिणगीला मदतच करते.

कॅन धातूचे, घट्ट झाकणाचे आणि फक्त याच कामाचे हवेत. भांडी बाजारात एकदा एक देखणा तांब्याचा हंडा बघून माझ्या हेल्परचे डोळे चमकले होते. तांबं नको, पितळही नको. तांब्याच्या संगतीत इंधन लवकर खराब होतं, त्यात चिकट राळ धरते.

टाकीच्या तळातून निघालेलं पहिलं लिटरभर वेगळं काढा. ते परत जाणार नाही. टाकीचं सीलंट सुटून तुकडे येत असतील तर सगळंच बाद. बाकीचं हळूहळू उतरू द्या, कॅन गळ्यापर्यंत भरू नका. प्रत्येक कॅनवर विमानाचा नंबर, तारीख, लिटर आणि ‘अ‍ॅव्हगॅस 100 एलएल’ असं लिहा. या प्रकारात ओळखीसाठी निळा रंग घातलेला असतो. ज्या विमानाचं इंधन, त्याच विमानात परत. दुसऱ्याच्या विमानात नाही, मोठ्या साठ्यात तर मुळीच नाही.

आता खरं दुखणं. रात्रभर कॅन न हलवता ठेवला की पाणी तळाशी बसतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. सकाळी तळातलं सॅम्पल काढायचं. त्यासाठी काचेची लांब नळी घ्या, वरचं तोंड अंगठ्याने दाबून ती तळापर्यंत सोडा, अंगठा उचला, भरू द्या, परत दाबून बाहेर काढा. हातमोजे घाला. या इंधनात लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं आणि ते ज्या रूपात असतं ते कातडीतूनही आत जातं.

मी फसलो ते इथेच. ऑगस्टचे दिवस, कॅन छपराखाली, पण वाऱ्याने पाऊस आत येत होता आणि एका झाकणाच्या खळग्यात पाणी साचलं होतं. सकाळी उघडीप होती. सॅम्पलची बाटली आकाशाकडे धरली. मस्त निळी, स्वच्छ, इंधन आणि पाणी वेगळं दाखवणारी रेघ कुठेही नाही. मी खूश. शेजारच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने बाटली घेतली, नाकाशी नेली आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिली. वास नव्हता. रेघ असणार कुठून? बाटलीभर पाणीच होतं, आणि निळा रंग आकाशाचा होता.

तेव्हापासून बाटली पांढऱ्या कागदासमोरच धरतो आणि तिच्यात चिमूटभर जिलेबीचा रंग टाकतो. पाणी असेल तर लगेच नारिंगी होतं. इंधनात रंग विरघळत नाही, कण तसेच तळाशी पडून राहतात. वाण्याकडचा रंग आहे, पण डोळ्यापेक्षा भरवशाचा. सॅम्पल परत कॅनमध्ये ओतायचं नाही, हे सांगायला लागू नये. पाणी सापडलं तर तळचं काढून टाका, कॅन पुन्हा रात्रभर ठेवा, पुन्हा सॅम्पल. घाई असेल तर नवीन इंधन मागवा.

दुसरी परीक्षा जेट इंधनाची. नाशिकमध्ये विमान म्हटलं की ओझरची सुखोई. जिथे जेट विमानं, तिथे जेट इंधनाचे रिकामे डबे कुणी ना कुणी ‘घ्या की, स्वच्छच आहे’ म्हणून पुढे करतो. घेऊ नका. अ‍ॅव्हगॅसमध्ये थोडं जेट इंधन मिसळलं तरी निळा रंग टिकून राहतो आणि पिस्टन इंजिनात मात्र ठोके बसायला लागतात. पांढऱ्या कागदावर एक थेंब या कॅनमधला आणि शेजारी एक थेंब खात्रीच्या अ‍ॅव्हगॅसचा टाका. वाळू द्या. अ‍ॅव्हगॅस उडून जातं, कागद कोरा. भज्यांच्या पुड्यासारखा तेलकट डाग राहिला तर तो कॅन गेला. गाळून तो सुधारत नाही.

बाद इंधन स्कूटरमध्ये घालायचा मोह सोडा. शिशाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसतो. आणि उलट, कमी पडलं म्हणून पंपावरचं इथेनॉलचं पेट्रोल विमानात ओतणाऱ्याशी मी बोलत नाही. बाद झालेलं वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात भरून घातक कचऱ्याच्या वाटेनेच द्यायचं, गटारात नाही.

पास झालेलं इंधन बारीक जाळीच्या, पाणी अडवणाऱ्या धातूच्या नरसाळ्यातून ओता, तार जोडलेली ठेवून. कॅनच्या तळचे दोन बोटं इंधन कॅनमध्येच सोडा. मी आठवड्याच्या आत वापरतो. त्यापुढे ठेवायची वेळ आली तर बाद धरतो.

ओतल्यावर विमान थोडं उभं राहू द्या. मग गॅस्कोलेटरसकट (इंजिनाआधीची, पाणी आणि कचरा साठवणारी गाळणी) प्रत्येक ड्रेनमधून सॅम्पल काढा. पांढऱ्या कागदासमोर.