तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या दिवसाची घडी कशी बसवावी

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. ती तीव्र असली की मूल स्वतः बसत नाही, बोलून सांगत नाही, अधूनमधून आकडी येते. अशा घरात औषधं घड्याळाप्रमाणे द्यावीत आणि बाकी दिवस जेवणाभोवती बांधावा. सगळ्यात जास्त वेळ भरवण्यात जातो आणि मोठा धोकाही तिथेच असतो.

सकाळी नळाचं पाणी भरून झालं की मगच मुलाला उठवा, म्हणजे मधेच सोडून धावावं लागत नाही. आकडीचं पातळ औषध बाटली हलवून, सिरिंजने मोजून द्या. बरेच दिवस आकडी आली नाही म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. पावसाळ्यात लोकल बंद पडतात, रस्ते तुंबतात, तेव्हा आठवडाभराचं औषध जास्तीचं घरात हवंच.

आता भरवणं. मांडीवर आडवं घेऊन भरवायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. पाठीला आधार देऊन ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. तुम्ही समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. चमचा वरून आणला की मान मागे जाते आणि घास श्वासनलिकेकडे घसरू शकतो, म्हणून समोरून, थोडा खालून आणा. उथळ, मऊ चमचा घ्या. दात आवळणाऱ्या मुलाला स्टीलच्या चमच्याने इजा होते. खिमट, घट्टसर नाचणी, मऊ वरणभात अनेकांना झेपतो. पाणी आणि पातळ डाळ घशातून फार भरभर जाते. घास दिला की गळ्याकडे बघा. गिळल्याचं दिसल्याशिवाय पुढचा नाही. खाताना ठसका, नंतर आवाजात घरघर, वरचेवर ताप किंवा छातीत कफ, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगा. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करू नका.

हातपाय ताणण्याचे व्यायाम आंघोळीनंतर घ्या, अंग सैल असतं. ते थेरपिस्टकडून आधी शिकून घ्या. मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत त्याची सोय आहे. लोकलने नेताना दिव्यांगांचा डबा, आणि गर्दीची वेळ टाळून.

आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं पाहा. लाल डाग दाबल्यावर फिकट झाला नाही तर त्या जागेवर भार पडू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. रात्र आईबाबांनी वाटून घ्या. एकट्या आईच्या कंबरेवर हे वर्षानुवर्षं पेलत नाही, आणि ते पेलावं अशी अपेक्षा घरच्यांनीही करू नये.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

औषधांच्या वेळा, घासाचा घट्टपणा, आकडीत काय करायचं, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मग आत्याला किंवा शेजारच्या काकूंना तुमच्यासमोर चार-पाच वेळा भरवू द्या. त्यांचा हात बसला की दुपारचे दोन तास मूल त्यांच्याकडे सोपवा आणि झोपा.