कारखान्याच्या शॉपमधील कामगारांसाठी सुरक्षा साधनांची तयारी

सुरक्षा साधनांची यादी स्टोअरमध्ये बसून करू नये, ती यंत्रापाशी उभे राहून करावी. तिथे काय उडते, सांडते, तापते, फिरते आणि हवेत काय मिसळते हे आधी लिहून काढावे. गार्ड बसवून किंवा धूर जागीच खेचून घेऊन जेवढा धोका उगमापाशी रोखता येईल तेवढा रोखावा आणि जो उरेल त्यासाठीच साधने मागवावीत.

ग्राइंडिंग करणाऱ्याला फेसशील्ड द्यावे, पण त्याच्या आत बाजूंनी बंद असलेला सुरक्षा चष्माही हवाच. नंबरचा साधा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही. बहुतेक आर्क वेल्डिंगला 10 ते 13 नंबरची काच लागते (हा नंबर काचेच्या गडदपणाचा; जितका मोठा तितकी काच गडद), त्यामुळे गॅस कटिंगची 5 नंबरची काच तिथे चालवून घेऊ नये, आणि शेजारी उभ्या असलेल्या मदतनीसाच्या डोळ्यांचीही सोय करावी.

हातमोज्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त काळजी घ्यावी. धारदार पत्र्यासाठी कापले न जाणारे, गरम कामासाठी चामड्याचे आणि रसायनासाठी त्या रसायनाला टिकणाऱ्या पदार्थाचे हातमोजे निवडावेत; मात्र लेथ किंवा ड्रिल फिरत असताना हातमोजे घालूच नयेत, कारण कापड गुंतले की बोटे सोडवायला वेळ मिळत नाही. सैल बाही, गळ्यातील रुमाल आणि अंगठी यांनाही हाच नियम लागू आहे.

मास्क निवडताना धूळ आणि वायू यांत गल्लत होते. धुळीचा मास्क रंगातील थिनरची वाफ अडवत नाही. तिथे योग्य कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ शोषून घेणारी डबी बसवलेला, रेस्पिरेटर (श्वसन-मास्क) लागतो. चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मास्कच्या कडेखाली दाढी असली तर तिथून हवा आत शिरते, म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो बसवून तपासावा. ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत मात्र हवा गाळणारा कोणताही मास्क उपयोगाचा नाही.

आठ तासांच्या पाळीत सरासरी आवाज 85 डेसिबलपर्यंत जात असेल तर इअरप्लग किंवा इअरमफ द्यावेत, आणि फोमचा प्लग बारीक वळून, कान वर-मागे ओढून कसा घालायचा हे करून दाखवावे. सेफ्टी शूजची पुढची टोपी 200 ज्यूलचा आघात, म्हणजे सुमारे 20 किलोचा तुकडा 1 मीटरवरून पडल्याचा मार, सोसणारी असावी. मार बसलेले हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, बदलावे.

स्त्री कामगारांसह सर्वांची मापे घेऊनच मागणी नोंदवावी आणि रात्रपाळीत फाटलेला हातमोजा बदलून घ्यायचा झाल्यास स्टोअरची किल्ली कोणाकडे असेल, ते फळ्यावर लिहून ठेवावे.