कंट्रोलच्या पेशीपण निळ्या येत होत्या, ते कसं सुटलं

ए५४९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींना डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध देऊन सेनेसन्स (पेशीचं म्हातारपण, विभाजन कायमचं थांबणं) आणायचा आणि बीटा-गॅल स्टेन करून, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे एन्झाइम एक्स-गॅल नावाच्या पदार्थापासून निळा रंग तयार करतं त्यावरून, निळ्या पेशी मोजायच्या, एवढं साधं काम. पण औषध न दिलेल्या, म्हणजे कंट्रोलच्या प्लेटमध्येपण ढीगभर निळ्या दिसायला लागल्या, आणि वर एक्स-गॅलचे सुईसारखे स्फटिक.

आधी सगळ्यांनी औषधावरच संशय घेतला. खरं कारण पीएच, म्हणजे द्रावणाची आम्लता, निघालं. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे लायसोसोममधलं (पेशीतल्या पचनाच्या पिशवीतलं) एन्झाइम, त्याला ४ च्या आसपासचा पीएच आवडतो, तिथे धडधाकट पेशीसुद्धा निळी होते, म्हणून तर १९९५ पासून हा स्टेन पीएच ६ ला करतात, तिथे सहसा सेनेसन्समधल्या पेशीच निळ्या होतात. आमच्याकडे प्लेट रात्रभर कार्बन डायऑक्साइडवाल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची पद्धत होती, तो गॅस बफरमध्ये विरघळतो आणि पीएच खाली येतो.

मग साध्या ३७ डिग्रीच्या कोरड्या इन्क्युबेटरमध्ये, पॅराफिल्म लावून ठेवलं. एक्स-गॅल घातल्यावर पीएच परत मोजला, द्रावण फिल्टर केलं, फिक्सिंग ५ मिनिटांच्या आत उरकलं. पेशीपण विरळ लावल्या, कारण प्लेट गच्च भरली की उगाचच निळं येतं. कंट्रोल एकदम स्वच्छ!

नुसत्या निळ्यावर मात्र मी विश्वास ठेवत नाही, सोबत पी२१ (विभाजन रोखणारं प्रथिन) वाढलंय का, लॅमिन बी१ (केंद्रकाच्या अस्तरातलं प्रथिन) उतरलंय का आणि ईडीयू (नवीन डीएनए बनताना त्यात शिरणारा पदार्थ) घेणं थांबलंय का ते बघते. पी१६ या सेनेसन्सच्या दुसऱ्या खुणेच्या अँटीबॉडीवर ए५४९ साठी पैसे घालवू नका, त्या पेशींत ते जीनच उडालेलं आहे.