अभ्यासाची रात्र: झोप, भावना आणि स्मरण यांचा मेळ कसा घालावा

जे लक्षात ठेवायचे आहे, त्याची शेवटची उजळणी झोपण्यापूर्वीच्या तासाभरात करावी आणि पुस्तक मिटून मुख्य मुद्दे स्वतःच्या शब्दांत आठवून पाहावेत. पाठांतरानंतर झोपलेल्यांचे विस्मरण जागे राहिलेल्यांपेक्षा कमी होते, हे जेन्किन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्येच दाखवून दिले होते.

उजळणीनंतर थरारक मालिका किंवा संताप आणणाऱ्या बातम्या पाहू नयेत. भावना चाळवल्या की नॉरअॅड्रेनॅलिन हे उत्तेजक रसायन स्रवते, अमिग्डाला हा मेंदूतील भावनांशी निगडित भाग सक्रिय होतो आणि तो प्रसंग स्मृतीत अधिक पक्का बसतो. रूक्ष सूत्रांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. शिवाय झोप लांबते, आणि माझ्या मते हाच तोटा मोठा.

भावनिक स्मृतीची एक खोड मात्र ध्यानात घ्यावी. अपघात पाहिलेल्या माणसाला गाडीचा चेपलेला दरवाजा लख्ख आठवतो, पण सिग्नलचा रंग किंवा मागे उभी असलेली वाहने निसटून जातात, आणि झोपेनंतर ही तफावत बरेचदा वाढते. म्हणून जबाब किंवा अहवाल द्यायचा असेल, तर सकाळची वाट न पाहता वेळ, जागा, घटनाक्रम आणि आजूबाजूची माणसे त्याच दिवशी लिहून काढावीत; आठवणीबद्दलची खात्री हा तिच्या अचूकतेचा पुरावा नव्हे.

गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात आणि स्वप्नांची झोप उत्तरार्धात अधिक असल्याने कोणतेही टोक कापू नये. सकाळी वही न उघडता आठवून पाहावे आणि अडेल तेवढेच पुन्हा वाचावे.