कामगार प्रतिनिधी झालात? या चुका टाळा

युनियनच्या कमिटीवर नव्याने निवडून आलेल्या कामगाराला पहिले काही महिने गेट मीटिंगमधल्या भाषणांवर निभावून नेता येते. पण एखाद्या सहकाऱ्याच्या हातात शो-कॉज नोटीस (कारवाई का करू नये, याचा लेखी जाब) पडली आणि तो तुमच्याकडे धावत आला, की भाषणाचा काही उपयोग होत नाही. पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी अनेक वर्षे कमिटीवर होतो, आणि आम्ही हरलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांतच, कागदांच्या हलगर्जीपणामुळे, हातची गेली होती.

कामगाराला एकट्याने उत्तर लिहू देणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये दुसऱ्या पाळीत एका कामगाराच्या मशीनवर बराच माल रिजेक्ट झाला. सेन्सर नीट चालत नसल्याचे त्याने पाळीच्या सुरुवातीलाच लॉगबुकात लिहून ठेवले होते. तरीही सुपरवायझरने मेमो पुढे केल्यावर, पाळी सुटायच्या घाईत, त्याने टेबलाशी उभ्या उभ्याच लिहून दिले : ‘माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही.’ आम्हाला हे तीन दिवसांनी कळले. पुढे चार्जशीट आले तेव्हा त्या सहा शब्दांचा कबुलीजबाब झालेला होता आणि लॉगबुकातली नोंद पुढे करूनही चौकशी अधिकाऱ्याचे मत बदलले नाही.

म्हणून प्रत्येक सभासदाला आधीच सांगून ठेवावे, की मेमो मिळाल्याची सही तारीख-वेळ घालून करावी, पण उत्तर मात्र प्रतिनिधीला भेटल्याशिवाय देऊ नये. उत्तरासाठी लेखी मुदत मागावी आणि ज्या कागदांच्या आधारे आरोप केला आहे त्यांच्या प्रती मागाव्यात. लॉगबुक, हजेरी, देखभाल विभागाकडे केलेली तक्रार यांतले जे आपल्या बाजूचे आहे, ते त्याच दिवशी टिपून ठेवावे, कारण महिन्याभराने ते पान मिळेलच असे नाही.

चौकशीत न वाचता सही करणे

खातेनिहाय चौकशीत, म्हणजे आरोपांवर कंपनीनेच घेतलेल्या चौकशीत, कामगाराचा बचाव प्रतिनिधी म्हणून बसताना रोजच्या कामकाजाचे प्रत्येक पान वाचल्याखेरीज सही करू नये, आणि कामगारालाही करू देऊ नये. साक्षीदार ‘मला आठवत नाही’ म्हणाला असेल आणि कागदावर ‘होय’ उतरले असेल, तर तिथेच हरकत नोंदवून मगच सही करावी. उलटतपासणीत मोठे प्रश्न विचारण्याचा मोह होतो. त्याऐवजी ‘घटनेच्या वेळी आपण कुठे उभे होता?’, ‘तिथून मशीन दिसते का?’ असे लहान, एकाच गोष्टीचे प्रश्न उपयोगी पडतात. कामगार निलंबित असेल, तर स्थायी आदेश (नोकरीच्या अटी-शिस्तीचे लेखी नियम) लागू असलेल्या आस्थापनेत त्याला पहिले 90 दिवस वेतनाच्या 50 टक्के आणि चौकशी त्याच्यामुळे लांबलेली नसल्यास त्यानंतर 75 टक्के निर्वाह भत्ता मिळतो. हा भत्ता दर महिन्याला हातात पडतो की नाही, याची प्रतिनिधीने चौकशी करावी. घरी चूल पेटत नसलेला माणूस शेवटी राजीनामा लिहून देतो, हे मी पाहिलेले आहे.

तोंडी आश्वासनावर परतणे

एचआरच्या केबिनमध्ये एकट्याने जाऊ नये. कमिटीतला एक जण सोबत असावा. बाहेर आल्यावर त्याच दिवशी ‘आजच्या चर्चेत असे ठरले’ असे दोन ओळींचे पत्र द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या सुमारे 5,500 सह्यांच्या अर्जाने मांडल्या होत्या. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. त्या काळी बहुतेक कामगारांना लिहिता येत नसतानाही त्यांनी कागद केला, आपल्याला तर सबबच उरत नाही.

मुदत आणि नियम न पाहणे

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून जुन्या सवयींनी चालणाऱ्या प्रतिनिधींची इथे फसगत होते. 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे आणि तिच्याकडे तक्रार वाद उद्भवल्यापासून एक वर्षाच्या आत करावी लागते. ‘बघू पुढच्या करारात’ म्हणत वर्ष गेले, की तो मार्ग बंद होतो. संतापाच्या भरात कोणी तरी हमखास सुचवतो, की सगळ्यांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकू. आता 50 टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून अशी रजा घेतली, तर तो संप धरला जातो, आणि 14 दिवस आधी नोटीस दिल्याशिवाय केलेला संप बेकायदा ठरतो. सभेत हे स्पष्ट सांगणारा प्रतिनिधी त्या दिवशी नावडता होतो, तरी त्याने ते सांगितलेच पाहिजे.

सर्वांनाच ‘होईल’ म्हणणे

ज्या प्रकरणात दम नाही, ते तसे त्या कामगाराला पहिल्याच भेटीत, एकांतात सांगावे. मात्र तो आपल्या गटाचा नाही किंवा कंत्राटी आहे, एवढ्यावरून त्याला परत पाठवू नये. त्याचेही म्हणणे वहीत तारखेसह लिहून घ्यावे आणि त्यावर काय केले, हे आठवड्याभरात त्याला जागेवर जाऊन सांगावे.